मणिपूरला निघालेली घोंगडी

मित्रांनो, मला पहिल्यांदा अंगावर घेणारा माणूस हमखास म्हणतो, "टोचते की राव!" टोचणारच. मी मेंढीच्या काळ्या लोकरीची जुनी घोंगडी आहे. दुकानातल्या फुलाफुलांच्या ब्लँकेटासारखी मऊ मी कधीच नव्हते. पण जरा धीर धरला की माझी ऊब लागते आणि ती पहाटेपर्यंत सोडत नाही. एवढा एकच गुण घेऊन मी जगात आले. त्या गुणाचं माणसांनी काय केलं, ते आज तुम्हाला सांगते.

माझं गाव निमगाव सावा. तिथल्या कुशाबा धनगराच्या मेंढरांची लोकर कातरली, ती त्याच्या बायकोने, ठकूबाईने, पिंजून चरख्यावर कातली आणि सणगराच्या मागावर मी विणली गेले. चिंचोक्याची खळ लावून मला उन्हात ताणलं, तेव्हा कुशाबाने मला खांद्यावर टाकून पाहिलं आणि म्हणाला, "आता कोकणातला पाऊस येऊ दे न्हाईतर बर्फ पडू दे."

दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन माळशेज घाटाने कोकणात उतरायचा. पावसात मी त्याच्या डोक्यावरची खोळ व्हायचे, रात्री अंथरूण व्हायचे. वाटेत एखादी मेंढी व्याली की ओलं कोकरू माझ्यात गुंडाळलं जायचं. एकदा शेकोटीची ठिणगी उडून माझा कोपरा जळाला. ठकूबाईकडे काळं सूत नव्हतं म्हणून तिने लाल दोऱ्याने रफू केलं आणि वर नवऱ्यालाच दम दिला, "पुन्हा जाळलीस तर तुलाच शिवीन."

ते माझे कामाचे दिवस होते. पुढे चराईला रानं उरली नाहीत, मेंढरं विकली गेली, पोरं कांद्याच्या शेतीत रमली. कुशाबा वारला. घरात ब्लँकेटं आली आणि मला घडी घालून माळ्यावर ठेवलं. मित्रांनो, घोंगडी फाटायला घाबरत नाही. घडी घालून ठेवण्याला घाबरते.

अशीच एका थंडीत दारासमोर गाडी थांबली. भोंग्यावर पुकारा चालला होता. गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष स्वराज खाली उतरला. पोरगा हुशार, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा, मनानेही वाईट नव्हता.

"आजी, तिकडं मणिपुरात लोकांची घरंदारं जाळली. बायकापोरं छावणीत पडल्यात. थंडीचं काय असलं तर द्या. आपण ट्रक भरून पाठवतोय."

"कुणी रं जाळली?" ठकूबाईने विचारलं.

"त्यांच्यातच पेटलंय आजी. दोन समाजांत."

"आन् म्हातारीकोतारी?"

"समदीच बाहेर पडली. नेसत्या कपड्यानिशी."

ठकूबाई उठली. तिने नातीला, ऋतिकाला, माळ्यावर चढवलं आणि मला खाली काढलं. अंगणात उन्हात टाकून काठीने झोडलं. जीव पाखडून निघाला माझा, पण किती बरं वाटलं!

"आजी, ही तर आजोबांची," ऋतिका म्हणाली. "दुसरं काही दे ना."

"आजोबा आता कुठं थंडीनं कुडकुडतोय? ज्याचं घर जळालं त्याला द्यायचं तर उबदार द्यावं. चिंध्या काय द्यायच्या?"

तिने मला स्वतःच्या हाताने गाडीत ठेवलं. ती खऱ्या मनाने देत होती. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला तिचा राग येईल.

आळेफाट्याला हमरस्त्यालगत एक मोठं हॉटेल होतं. त्याच्या मागे साखरपुड्या-वाढदिवसांचा हॉल होता. तिथे आम्हा सगळ्यांचा ढीग लावला. नवी ब्लँकेटं होती, स्वेटर होते, विटलेल्या साड्या होत्या, कोणी तर लग्नातला चमकीचा कोट दिला होता. भिंतीवर भलामोठा फलक लावला होता: 'मणिपूरच्या बांधवांनो, आम्ही तुमच्यासोबत आहोत.' ट्रकही येऊन उभा राहिला. पण झेंडा दाखवायला साहेब, म्हणजे तालुक्याचे पुढारी, हवे होते आणि साहेबांना वेळ मिळत नव्हता. आज येणार, उद्या येणार. स्वराज रोज फोन करायचा आणि रोज तोंड पाडून परत जायचा. तुमच्या भाषेत रेंगाळलेल्या कामाला 'भिजत घोंगडं' म्हणतात. मी तर अजून कोरडीच होते, तरी तेच झालं.

त्या हॉलमध्ये झाडू मारायला एक बाई यायची. तरुण होती, ठेंगणी, बारीक डोळ्यांची. पाठीला फडक्याने तान्ही मुलगी बांधलेली. हॉटेलातली माणसं तिला "ए नेपाळी" म्हणून हाक मारायची. ती नेपाळची नव्हती. तिचं नाव इबेमा, मुलीचं नाव तोंबी. ही नावं त्या हॉटेलात एकट्या सोमाजी आचाऱ्याला ठाऊक होती. सोमाजी जवळच्याच डिंगोऱ्याचा. त्याने एकदा भाकरी देता देता विचारलं होतं आणि तिने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं होतं. तिचं घर मणिपुरात होतं. ते जाळलं. नवरा आपल्या आंधळ्या आईला घेऊन तिकडच्या छावणीत राहिला होता आणि ही ओळखीच्या बाईबरोबर कामाच्या शोधात पुण्याला आली होती. तिथून इथे. हॉटेलमागच्या पत्र्याच्या खोलीत माय-लेकी झोपायच्या. पत्रा उन्हात तापतो आणि थंडीत बर्फ होतो. तोंबीला खोकला झाला होता.

एके दिवशी झाडता झाडता इबेमाने फलकावरचं 'मणिपूर' अक्षराला अक्षर लावून वाचलं. मग ती ढिगाकडे बघत राहिली. स्वराज तिथेच खुर्चीवर बसला होता.

"भैया, ये सब मणिपुर जाएगा?"

"हां, पूरा ट्रक."

"मैं मणिपुर का है," ती म्हणाली. "मेरा घर जल गया. एक कंबल दे दो. बच्ची को खांसी है."

स्वराज चटकन उठून उभा राहिला. त्याचे डोळे चमकले. "अरे! सच में मणिपुर की?" मग तो जरा घुटमळला. "लेकिन ये तो उधर के लोगों के लिए है ना."

"मैं उधर का ही लोग है."

"हो, पण अभी तू इधर है." स्वतःचंच बोलणं त्याला कसंनुसं वाटलं असावं, कारण तो लगेच म्हणाला, "एक काम करते हैं. साहब आएंगे ना, तू स्टेज पे आ जा. साहब के हाथ से देंगे. फोटो भी आएगा. अच्छा होगा."

इबेमाने होकाराची मान हलवली. साहेब त्या आठवड्यात आले नाहीत. पुढच्याही नाही. तोंबीचा खोकला छातीत उतरला. ती रडायचीही थांबली, नुसती घरघरायची.

मग एका दुपारी इबेमा झाडू घेऊन आली, तिने इकडे तिकडे पाहिलं आणि ढिगात हात घातला. नवी ब्लँकेटं वरच होती, पण तिने ती घेतली नाहीत. खालची मला ओढली. बहुधा तिला वाटलं असेल, ही जुनी आहे, हिची कोणाला आठवण होणार? तिने मला तोंबीभोवती गुंडाळलं. पोर आधी अंग चोरू लागली, टोचले ना मी! मग हळूहळू सैल झाली. किती वर्षांनी माझ्यात कोणाचा तरी श्वास चालत होता. तोंबीने माझा लाल दोऱ्याचा कोपरा मुठीत धरला आणि ती झोपली. त्या दोन-चार दिवसांत घरघर थोडी उतरली. मित्रांनो, मी मणिपूरला पोहोचले होते. कोणाला कळलं नाही इतकंच.

मंडळातल्या एकाने पत्र्याच्या खोलीच्या दारातून मला पाहिलं. त्याने मोबाइल काढला. इबेमा हात जोडत होती, तो बोलत होता, "बघा मंडळी! मणिपूरच्या गरिबांसाठी आलेली मदत इथं हॉटेलातली नेपाळी बाई चोरतीय!" चित्रफीत संध्याकाळपर्यंत गावोगाव फिरली. स्वराजनेही ती पाहिली. ती बाई कोण आहे हे त्याला माहीत होतं. पण आता सांगावं तर लोक विचारणार, माहीत होतं तर दिलं का नाहीस? आणि दुसऱ्याच दिवशी साहेब येणार होते. तो गप्प बसला.

ऋतिकाने ती चित्रफीत ठकूबाईला दाखवली. "आजी, ही आपली घोंगडी! तो लाल दोरा बघ."

ठकूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळी पहिली गाडी धरून ती आळेफाट्याला आली.

हॉटेलच्या शेठने इबेमाला कामावरून काढलं होतं. ती दाराशी उभी होती. काखेत तोंबी, हातात कपड्यांची पिशवी आणि तोंबीच्या अंगावर मी. शेठ म्हणत होता, "घोंगडी ठेव आणि नीघ." तेवढ्यात ठकूबाई गर्दीतून पुढे आली.

"हीच का ती?"

इबेमाने तिच्याकडे पाहिलं. पांढरे केस पाहून असेल, ती वाकली. "सॉरी, माँ."

"कुणाची गं माँ? जळालेल्या लोकांसाठी दिली व्हती ती! मेल्याच्या टाळूवरचं लोणी खातीस? लाज न्हाई वाटत?"

इबेमाला मराठी कळत नव्हतं. ती मला सोडवू लागली. पण माझा कोपरा तोंबीच्या मुठीत होता आणि ती सोडेना. इबेमाचा एक हात पिशवीत अडकलेला. तेव्हा ठकूबाईनेच पुढे होऊन ती मूठ उघडली. एकेक बोट सोडवलं. मूठ तव्यासारखी तापली होती. ठकूबाईचा हात क्षणभर थांबला, मला ते जाणवलं. पण आजूबाजूला माणसं होती, मोबाइल होते, आणि तिचा राग अजून सरला नव्हता. तिने मला ओढून घेतलं.

इबेमा रस्ता ओलांडून गेली. नाशिकची एसटी उभीच होती, तिच्यात ती चढली.

सोमाजी आतून कणकेच्या हातांनी धावत आला. "मावशी, काय केलं तुमी हे?"

"माजी हाय घोंगडी. मणिपूरवाल्यांसाठी दिली व्हती मी."

"आवं, तीच तर मणिपूरची! घर जळालेली बाई तीच!"

ठकूबाईला आधी समजलंच नाही. "कोण?"

"जिच्याकडनं घेतली ती."

"मंग... मंग बोलली का न्हाई ती?"

"बोलली की. जो दिसंल त्याला बोलली. आपल्यातल्या कुणी ऐकलं?"

तोही मान खाली घालून उभा राहिला. कारण काल चित्रफीत काढली जात होती तेव्हा तोही भटारखान्याच्या दारात उभाच होता.

ठकूबाई धावली. त्या वयात काय धावणार? मला छातीशी धरून, वाहनांना हात दाखवत ती पलीकडे पोहोचली, तोवर एसटी वळणाआड गेली होती. तिने उभ्या असलेल्या एका कंडक्टरला विचारलं, "भाऊ, ती लेकरूवाली कुठं उतरणार?" तो म्हणाला, "मावशी, मला कसं ठाऊक असणार?"

नेमके तेव्हाच साहेब आले. ताशा वाजला. स्वराजने माइकवर सांगितलं, "चोरीला गेलेली घोंगडी परत मिळवणाऱ्या, निमगावच्या ठकूबाई आजी!" कार्यकर्त्यांनी तिला हाताला धरून ट्रकजवळ आणलं. साहेबांनी हसून दोन्ही हात पुढे केले. ठकूबाईने मला सोडलं नाही. साहेबांनी हलकेच ओढलं, तिने आणखी घट्ट धरलं. गर्दीत हशा पिकला. "म्हातारीचा जीव घोंगडीत अडकलाय राव!" कोणीतरी ओरडलं. ती स्वराजकडे एकटक बघत होती. स्वराज मात्र कॅमेऱ्याकडे बघत होता.

"तुला ठाव व्हतं?" तिने हळूच विचारलं.

ताशात ते कोणाला ऐकू गेलं नाही. त्याला गेलं. त्याने मान दुसरीकडे वळवली. साहेबांनी मग दुसरं ब्लँकेट उचलून फोटो काढला आणि ट्रक निघाला.

तो ट्रक पोहोचला. छावणीतल्या बायांनी स्वेटर घेतल्याचे फोटो आले, ते खोटे नव्हते. त्यांना ऊब मिळाली असेल तर मला आनंदच आहे.

सोमाजीने इबेमाला फोन लावून पाहिला, तो बंद लागला. ठकूबाई मला पिशवीत घालून संगमनेरला गेली, पुढे नाशिकपर्यंत रस्त्यावरची हॉटेलं विचारत हिंडली. "अशा लई येतात नि जातात, आजी," एवढंच उत्तर मिळालं. ती पोर जगली का, हे मला माहीत नाही. मलाच काय, कोणालाच माहीत नाही.

शेवटी ठकूबाईने मला पुन्हा माळ्यावर टाकलं. माझ्याकडे बघवत नाही म्हणते. अंगणात कोणी तान्हं मूल घेऊन आलं की ती आत निघून जाते. मला आता कसर लागली आहे. पण मला झोडायला, ऊन दाखवायला कोणी येत नाही.

मित्रांनो, लांबच्या माणसाला मदत करू नका, असं मी म्हणणार नाही. जरूर करा, ट्रक भरभरून करा. पण कुणाला घोंगडी देण्याआधी त्याचं नाव विचारा. आणि कुणाच्या अंगावरून काढून घ्यायची असेल, तर दोनदा विचारा.