उपासाच्या ताटलीतलं लोह

ओट्यावर सहा जिन्नस होते. साबुदाणा, भिजवण्याआधी शंभर ग्रॅम. दाण्याचं कूट तीस ग्रॅम. एक मध्यम बटाटा, दोन मिरच्या, चमचाभर तूप. आणि कडेला दुधाचा चहा, एक कप. मी प्रत्येक वस्तू माझ्या छोट्या काट्यावर ठेवून पाहत होते आणि सुभद्राआत्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होती.

"सोनं तोलतेस काय गो? खिचडी आहे ती. माझी ड्युटी आहे दोनला."

"दोनच मिनिटं आत्या."

सव्वीस जानेवारीनंतरचा तो पहिला गुरुवार. लालबागच्या आत्याच्या चाळीत मंडळ वर्षातून दोनदा रक्तदान शिबिर भरवतं, सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला. आत्या लागोपाठ तिसऱ्यांदा रांगेत उभी राहिली होती आणि तिसऱ्यांदा परत आली होती. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान साडेबारा लागतं. तिचं अकरा पॉइंट एक भरलं.

"मावशी, तुमचं नाव आता परमनंट वेटिंगवर," मंडळाचा दीपक सगळ्यांसमोर म्हणाला होता. "बिस्किटं घ्या आणि बसा."

लोक हसले. आत्याही हसली. मात्र बिस्किटांना तिने हात लावला नाही.

ती परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डातली मावशी आहे. रक्तपेढीतून रक्ताच्या पिशव्या वॉर्डात आणणं हे तिचं रोजचं काम. त्या दिवशी जिना चढताना ती मला म्हणाली, "वीस वर्षं लोकांचं रक्त पेटीतून आणते, अनू. नातेवाईक माझ्या तोंडाकडे बघत उभे असतात. प्रत्येक पिशवी कुणीतरी दिलेली असते ना? एक तरी माझी असू दे."

मी अन्नशास्त्रात नुकतीच एमएस्सी झाले आहे, म्हणून काटा घेऊन गुरुवारी हजर झाले.

आत्याचे उपास सोमवार, गुरुवार, शनिवार. शिवाय एकादशी आणि संकष्टी. पुढच्या महिन्याचं कॅलेंडर पाहिलं तर अठ्ठावीसपैकी चौदा दिवस उपासाचे निघाले. चौदाही दिवस हीच ताटली आणि वरून हाच चहा.

"हे बघ," मी म्हटलं. "साबुदाणा हे धान्य नाही. एका कंदाचा कीस पिळून खाली बसलेला साका असतो, त्याच्या गोळ्या. पोट भरतं, शक्ती येते. पण प्रथिनं जवळजवळ शून्य, आणि शंभर ग्रॅममध्ये लोह एक-सव्वा मिलिग्रॅम. त्यातलंही बरंचसं चहा अडवतो. त्यापेक्षा नाचणी घे. साडेचार मिलिग्रॅम लोह, सात ग्रॅम प्रथिनं, आणि दाणा अख्खा, कोंड्यासकट."

"उपासाला नाचणी?" आत्याने कपाळावर हात मारला. "एवढी शिकलीस ती ह्याच्यासाठी? नाचणी धान्य आहे. धान्य खाल्लं तर उपास कसला राहिला?"

"आणि साबुदाणा कसा चालतो?"

"चालतो."

"पण का?"

"चालतो म्हणून चालतो. आईला चालायचा, आजीला चालायचा. पुढे बोल."

आत्याचे यजमान लवूकाका खाटेवर पेपर वाचत होते. "अनू, दमू नकोस," ते म्हणाले. "माझं लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली. मी अजून 'पण का'च्या पुढे गेलेलो नाही."

मग माझ्या लक्षात आलं, की मी चुकीचा प्रश्न सोडवत होते. आत्याचा उपास मोडायचा नव्हताच. तिला जे चालतं, त्यातच शोधायला हवं होतं.

"राजगिरा चालतो?"

"न चालायला काय झालं? लाडू आणतोच की आपण."

"त्याचं अख्ख्या दाण्याचं पीठ. शंभर ग्रॅममध्ये लोह आठच्या आसपास. प्रथिनं तेरा ग्रॅम."

आत्याने ओट्यावरच्या साबुदाण्याकडे बोट दाखवलं. "आठ? आणि ह्यात सव्वा?"

"हो."

"मेल्याची भाकरी थापता येत नाही पण. चिकट. तव्यावर टाकायच्या आधीच तुटते."

हे मला माहीत नव्हतं. पुढचं सगळं संशोधन आत्याचं आहे. पहिल्या सोमवारी भाकरीचे चार तुकडे झाले आणि काकांनी ते चमच्याने खाल्ले. गुरुवारी तिने पिठात उकडलेला बटाटा कुस्करला, किसलेली काकडी पिळून घातली आणि प्लॅस्टिकच्या कागदावर तुपाच्या हाताने थापलं. थालीपीठ अख्खं सुटलं. तिने मला व्हिडिओ कॉल करून ते उलथण्यावर उचलून दाखवलं.

"तुटलं नाही बघ!"

वरून लिंबू पिळायचं हे तिने लगेच मान्य केलं. चहा जेवणानंतर दोन तास थांबवायचा, यावर मात्र भांडण झालं.

"खिचडी काढलीस, आता चहा काढ. मग मी हिमालयातच जाते ना!"

"काढत नाही गं, पुढे ढकलते."

"दोन तास?"

"दोन तास."

"एक."

एकवर तडजोड झाली. उपास नसेल त्या दिवशी रात्री मोड आणलेल्या नाचणीच्या पिठाची भाकरी, हे आत्याने स्वतःहून ठरवलं. पीठ गावाहून येत होतं.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तपासून तीन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्याही दिल्या. त्या तिने पूर्वी दोनदा घेतल्या होत्या. घेत असेपर्यंत आकडा चढायचा आणि गोळ्या संपल्या की दोन-तीन महिन्यांत पुन्हा अकरावर यायचा. त्यामुळे मे महिन्यात बारा पॉइंट दोन आलं, तेव्हा आत्या नाचली आणि मी गप्प राहिले. गोळ्या नुकत्याच संपल्या होत्या. खरी परीक्षा पुढे होती. जुलैमध्ये, गोळ्यांशिवाय, बारा पॉइंट चार आलं. गोळ्या संपूनही आकडा खाली न येण्याची ही पहिलीच वेळ होती.

"आता नाच," आत्या म्हणाली. मी नाचले.

तोवर तिच्या वॉर्डातल्या आणखी तिघी मावश्या सोमवारी डब्यात राजगिऱ्याचं थालीपीठ आणू लागल्या होत्या.

पंधरा ऑगस्टला तिचा उपास नव्हता. सकाळी नाचणीची भाकरी आणि मुगाची उसळ खाऊन, नवीन साडी नेसून ती खाली उतरली. अंगणातल्या मांडवात दीपकच टेबलावर होता.

"आलात मावशी? बिस्किटं आधीच देऊन ठेवू का?"

"माझा पुडा बाजूला काढून ठेव," आत्या म्हणाली. "रक्त दिल्यावर घेईन. तोवर कुणी हात लावला तर गाठ माझ्याशी आहे."

मांडवात हशा पिकला. टेक्निशियन मुलीने तिच्या बोटाला सुई टोचली आणि थेंब यंत्राच्या पट्टीवर घेतला. काका माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, मला वाटतं त्यांच्या ते लक्षात नव्हतं.

"बारा पॉइंट सात," मुलगी म्हणाली. "चालेल."

"परत वाच," आत्या म्हणाली.

"बारा पॉइंट सात, मावशी."

"मोठ्याने वाच. त्या दीपकला ऐकू जाऊ दे."

मुलीने खरंच मोठ्याने वाचलं. वरच्या गॅलरीतून कुणीतरी शिट्टी मारली, मग टाळ्या सुरू झाल्या आणि दीपक उठून उभा राहिला. "मावशी, वेटिंग कन्फर्म!" तो ओरडला आणि त्याने स्वतः तिला खाटेपर्यंत नेलं.

रक्तदाब, वजन, सगळं ठीक होतं. आत्या आडवी झाली. सुई जाताना तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत. हातातला रबरी चेंडू दाबत ती पिशवीकडेच पाहत होती.

"गरम आहे गो," ती मला म्हणाली. नळी तिच्या हाताला टेकली होती. "आमच्याकडे येतं तेव्हा गार असतं."

मग टेक्निशियनला म्हणाली, "पिशवीवर गट नीट लिही हं. अक्षर वाईट असलं की आम्हाला दोन दोनदा खेपा पडतात."

पिशवी भरली, तिला झुलवणारं यंत्र वाजलं आणि थांबलं. मी वाकून आकडा पाहिला.

तीनशे पन्नास मिलिलिटर.