'खाजण'मधला ण

बाबांच्या अल्बमची कॅसेट १९९९ च्या दिवाळीत आली. नाव 'खाजण', म्हणजे खाडीकाठची खारट, दलदलीची जमीन. आतल्या कागदावर गिटार आणि ड्रम्स वाजवणाऱ्यांच्या नावांखाली शेवटची ओळ होती, 'उच्चार : कु. समृद्धी काळुराम भोईर'. मी तेव्हा पाचवीत होते.

आम्ही ठाण्याजवळच्या बाळकुमचे. पणजोबांपर्यंत मिठागरावर काम केलेलं घर. बाबांचं नाक्यावर हार्डवेअरचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की रंगाच्या डब्यांमध्ये बसून ते गाणी रचायचे. इलेक्ट्रिक गिटार त्यांनी लग्नाच्या बँडमधल्या एकाकडून घेतली होती. आपण वाजवतो त्याला लोक रॉक म्हणतात हे त्यांना बरंच नंतर कळलं.

आमच्या घरच्या बोलीत ण नव्हताच. पाण्याला पानी म्हणायचं, खाजणाला खाजन. मी मात्र ठाण्यातल्या शाळेत ण शिकले होते, वक्तृत्वात बक्षीस मिळवलं होतं. कोपरीला त्र्यंबककाकांच्या स्टुडिओत पहिल्या रविवारी बाबांनी नऊच्या नऊ गाणी गायली आणि ऐकवायला कच्ची कॅसेट घरी आणली. मी म्हटलं, "बाबा, पाणी म्हणतात. शाळेत हसतील मला."

पुढच्या रविवारी ते मला सोबत घेऊन गेले. काचेच्या अलीकडे, त्र्यंबककाकांच्या शेजारी, मी गाण्यांची वही घेऊन बसले. प्रत्येक ण ला लाल गोल केला होता. चुकलं की मी हात वर करायचे आणि बाबा थांबायचे. दोन दिवसांत त्यांनी सगळी गाणी नव्याने गायली. कॅसेटवर तीच आली.

एका वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या. चाली आणि गिटारचं कौतुक होतं. पुढे लिहिलं होतं, 'उच्चार निर्दोष आहेत, पण गायक परीक्षेला बसल्यासारखा गातो.' गावातल्यांनी तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं, "कालू, पुन्याला जाऊन आला का रं?" बाबा हसले. दुसरा अल्बम त्यांनी केला नाही. दुकानात कुणीही आलं, तरी कॅसेट उघडून ती शेवटची ओळ तेवढी दाखवायचे. "ही माजी बाय."

बाबा गेल्यावर सहा महिन्यांनी मला डोंबिवलीहून मैथिली नावाच्या मुलीचा फोन आला. जुन्या मराठी कॅसेट ती शोधून पुन्हा प्रकाशित करते. त्र्यंबककाकांना ती भेटली होती, आणि त्यांच्याकडे पहिल्या रविवारची टेप अजून होती. तिने मला कॅसेट आणि टेप, दोन्हींच्या प्रती पाठवल्या. कुठली काढायची ते तुम्हीच ठरवा, म्हणाली.

मी कल्याणला राहते, एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. म्हणजे त्या रविवारी जे केलं तेच आजवर करत आले आहे. हेडफोन लावून दोन्ही ऐकल्या. कॅसेटवर आलेल्या गाण्यांत प्रत्येक ण च्या आधी बाबा किंचित थबकतात. माझ्या हाताकडे बघत असणार. पहिल्या टेपेत ते कुणाकडे बघत नाहीत. 'खारं पानी' म्हणताना त्यांचा आवाज असा सुटतो की गिटारला मागून धावावं लागतं.

तरी चार दिवस मी मैथिलीला उत्तर दिलं नाही. पहिली टेप निघाली तर कागदावरची माझी ओळ जाणार, आणि त्या अख्ख्या अल्बममधली बाबांना आवडलेली एकच गोष्ट ती होती. त्यांना काय हवं असतं ते आता विचारता येत नव्हतं. पाचव्या दिवशी मी कोपरीला गेले.

त्र्यंबककाकांना नीट दिसत नाही आता. त्यांनी आठवून सांगितलं, की नवीन गाणी झाल्यावर त्यांनी जुनी टेप पुसू का विचारलं होतं. बाबा नको म्हणाले.

"मग घरी घेऊन जा म्हटलं त्याला. तर तेही नको."

"का?"

"घरी तू होतीस ना."

त्यांनी टेपेचं खोकं पुढे केलं. त्यावर बाबांच्या अक्षरात 'खाजन' लिहिलं होतं. माझा हात सवयीने पर्समध्ये पेन्सिल शोधू लागला. मी तो बाहेर काढला आणि तिथूनच मैथिलीला फोन केला. पहिली टेप काढ, म्हटलं, आणि नाव या खोक्यावर आहे तसं छाप. मुखपृष्ठ करणाऱ्याने दोनदा न चा ण केला. छपाईतली चूक वाटली असणार त्याला. दोन्ही वेळा मी समासात लिहिलं, 'आहे तसेच ठेवावे.'

अल्बम आला तेव्हा त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर कल्याणजवळच्या मोहन्याच्या एका बाईंनी लिहिलं, की आपली आजी अशीच बोलायची आणि आपण तिला गप्प करायचो. डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी विचारलं, गायकाला शुद्ध मराठी शिकवणारं कुणी भेटलं नव्हतं का? ते मी पुन्हापुन्हा वाचलं. काढून टाकू का, असं मैथिलीने विचारलं. मी राहू दे म्हटलं.

रविवारी बाळकुमला जाऊन आईला गाणी ऐकवली. तिने नवा कागद डोळ्यांजवळ धरून खालपर्यंत पाहिला.

"तुजं नाव कुठं हाय?"

"या टेपेच्या वेळी मी नव्हते, आई."

आईने 'खारं पानी' संपेपर्यंत ऐकलं.

"म्हनून एवरा मोकला गातंय तुजा बापूस," ती म्हणाली, आणि गाणं परत लावायला सांगितलं.