भिंतीतली सोळा भावंडं

मी पेटी क्रमांक एकतीसमधला मातीचा गोळा बोलतोय. मुठीत मावेन एवढा आहे. वर निमुळता, खाली बसका, मानेपाशी आरपार भोक. माझ्या पिशवीत दोन चिठ्ठ्या आहेत, कारण जुनी चिठ्ठी फेकायची नसते असा इथला नियम. जुनीवर लिहिलंय, 'खड्डा तीन, चौथऱ्याजवळ. पूजेची वस्तू?' त्यातलं प्रश्नचिन्ह तेवढं खरं होतं. नवी चिठ्ठी लिहिली जाईपर्यंतच्या चार दिवसांत माझ्या जिवाला जो घोर लागला, तो मातीखालच्या साडेतीन हजार वर्षांतही लागला नव्हता.

माझा जन्म एका विणकरणीच्या अंगणात झाला. नदीकाठची चिकणमाती तिनं आणली, भुसा घालून मळली आणि सारखे सतरा गोळे केले. दोन्ही तळहातांवर एकेक गोळा घेऊन ती वजन बघायची. जड वाटेल त्याची चिमूटभर माती काढून हलक्याला लावायची. मग काडीनं भोकं पाडली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर आपला अंगठा दाबला. शेजारच्या कुंभाराच्या भट्टीत सगळ्या आळीचे गोळे एकत्र भाजले जायचे, नंतर भांडणं नकोत म्हणून ही खूण. तरी भट्टी उघडल्यावर एक शेजारीण मला उचलून म्हणालीच, "हा माझा." माझ्या विणकरणीनं आपला अंगठा माझ्या डोक्यावरच्या खळग्यात टेकवला. तंतोतंत बसला. शेजारणीनं मला खाली ठेवलं.

तेव्हाचे माग उभे असत. वर आडवी दांडी, तिच्यावरून खाली सोडलेले ताण्याचे दोरे, आणि ते ताठ राहावेत म्हणून त्यांच्या जुडग्यांना खाली बांधलेले आम्ही. सतरा जुडगी, सतरा भावंडं. मी डावीकडचा पहिला. आमचं काम काय, तर लटकणं. ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्यातला एक जरी ढिला पडला तरी कापड वाकडं व्हायचं. वर्षानुवर्षं दोरा माझ्या भोकाच्या वरच्या कडेवर घासत राहिला आणि तिथं एक बारीक खाच पडली.

तिची पोरगी सहा-सात वर्षांची. आईची पाठ फिरली की ती मला एका बोटानं ढकलायची, आणि आम्ही सगळे टकटक एकमेकांवर आपटायचो.

"हात काढ गं तिथून!"

"मी नाही काही केलं. तेच हलतात!"

आपलं केलेलं दुसऱ्यावर ढकलायची माणसांची सवय मी पहिल्यांदा तेव्हा पाहिली.

मग ती दुपार आली. वारा सुटला होता आणि कुंभाराची भट्टी पेटलेली होती. एक ठिणगी कुणाच्या तरी गवती छपरावर पडली, आणि बघता बघता आळी पेटली. मागावर दोन महिन्यांचं काम चढलेलं. विणकरीण धावत आत आली, तिनं सुरी घेतली आणि खाली वाकली. ताण्याचं जुडगं कापलं की तेवढं कापड सुटतं आणि खालचा गोळा जमिनीवर पडतो. पहिलं जुडगं माझं. मी पडलो, घरंगळत हातभर लांब गेलो आणि तोंड खाली करून थांबलो. तेवढ्यात बाहेरून पोरगी ओरडली, "आई!"

मग छप्पर खाली आलं.

एवढंच मला माहीत आहे. ती हाकेसरशी धावली, की कापत राहिली? तिची सवय मला पाठ होती. पोरगी हाक मारायची, ती "आले गं" म्हणायची आणि हातातली ओळ पुरी करायची. एकच ओळ. रोजची गोष्ट. त्या दिवशीही तिनं ओळ पुरी केली असेल तर ती माझ्यापासून हातभर अंतरावर, भावंडांच्या शेजारीच, मातीत होती. मला मान वळवून बघता येत नव्हतं. माती मला जड नव्हती, मीही मातीच. जड होता तो हा प्रश्न.

खूप काळ गेला. मग कुदळीचे आवाज आले, आणि नंतर बोलणं कळू लागलं. इथून मोठा रस्ता जाणार होता. यंत्रं यायच्या आत चार महिने खणून जे हाती लागेल ते काढायचं, असं ठरलं होतं. ही माणसं चौकोनी खड्डे घेतात आणि दोन खड्ड्यांमध्ये मातीची एक जाड भिंत तशीच ठेवतात, म्हणजे तिच्या अंगावर मातीचे थर वाचता येतात. माझी भावंडं पाच आणि सहा नंबरच्या खड्ड्यांमधल्या भिंतीच्या पोटात होती. मी तिच्या अगदी कडेला.

भिंत तासून सरळ ठेवण्यात एका म्हाताऱ्या गड्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीपुरतं उरलं होतं. सगळे त्याला ओळंबा म्हणत. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हाही तसलाच एक कायम खिशात ठेवायचा. उत्खननाचे मुख्य, ज्यांना सगळे सर म्हणत, पाहुणे आले की आधी त्याची भिंत दाखवायचे. "बावीस वर्षं झाली, एक ढेकूळ पडलेलं नाही!"

बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत, ते पडलं. तो एकटाच कड तासत होता. थापी जरा जोरात लागली, घमेलंभर माती ढासळली आणि तिच्याबरोबर मी त्याच्या पायाशी येऊन पडलो. साडेतीन हजार वर्षांनी उजेड दिसला, आणि पहिलं काय दिसलं तर घाबरलेलं माणूस. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. भराभर ओल्या मातीनं भिंतीचं भगदाड लिंपलं आणि कुंच्यानं सारखं केलं. मला तो दूरच्या तीन नंबरच्या खड्ड्यात घेऊन गेला. तिथं दगडी चौथऱ्यापाशी जाऊन त्यानं हाक मारली, "सर! इथं काहीतरी लागलंय!"

मी आतून ओरडत होतो. तिथं नाही! तिकडे! भिंतीत!

सरांनी मला तळहातावर घेतलं. चौथऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पूजेची असावी," ते म्हणाले. या लोकांना वस्तूचा उपयोग कळला नाही की ती पूजेची होते. त्याच दिवशी एक पेपरवाला आला होता. गुरुवारी छापून आलं: शापित नगरीची देवी सापडली, तिच्या कोपानंच नगरी जळाली. मला देवी केलं! आणि कुंभाराच्या भट्टीतल्या ठिणगीला कोप! लोक बघायला येऊ लागले. एकानं नवस बोलून टाकला. ओळंबा कोपऱ्यात मान खाली घालून उभा असायचा.

"घरची म्हणते, देवी तुमच्याच हाती लागली," तो एका गड्याला म्हणाला. "आता तरी बिडी सोडा."

"मग सोडली का?"

"दुप्पट झाली."

मला हसू येत नव्हतं. यंत्रं सोमवारी येणार होती. मधल्या भिंतीत आता काही नाही, ती पडली तरी चालेल, असं ठरून गेलं होतं. सोमवारी भावंडं चिरडली जातील आणि त्यांच्याबरोबर माझं उत्तरही. उत्तर काय असेल याचीही भीती, ते कधीच न कळण्याचीही भीती.

शनिवारी सकाळी मी वस्तूंची चित्रं काढणाऱ्या ताईंच्या टेबलावर पोचलो. त्या कमी बोलतात. पेन्सिल हातात घेतली की वस्तू सगळ्या बाजूंनी फिरवून बघतात. माझ्या भोकापाशी त्यांची पेन्सिल थांबली.

"काका, जरा इकडे या. तुमची ओळंब्याची दोरी द्या."

ओळंबा खापरं वाळत घालत होता. तो आला. त्यानं खिशातून दोरी काढली, लोखंडी वजन सोडलं आणि त्यांच्या सांगण्यावरून ती माझ्या भोकातून ओवली. मग हात वर केला.

मी लटकलो. काय सांगू! दोरी सरकत सरकत बरोबर त्या जुन्या खाचेत जाऊन बसली. मी एकदा हललो, दुसऱ्यांदा हललो आणि स्थिर झालो.

"बघा," ताई म्हणाल्या. "एकाच जागी घासलंय. हे कुठेतरी वर्षानुवर्षं लोंबत होतं, आणि एवढं जड की कुणी गळ्यात घालणार नाही. देवी कसली, मागाचं वजन आहे हे. अशी एकटी नसतात, पंधरा-वीस असतात, आणि घरात असतात. मग हे एकटंच त्या चौथऱ्याशी काय करत होतं?"

ओळंब्यानं मला हळूच टेबलावर टेकवलं.

"काका?"

"हे... तिथलं नाही, ताई."

"म्हणजे?"

"पाच-सहाच्या भिंतीतून पडलं. माझ्या हातून ढासळली भिंत. लिंपून टाकली मी." तो माझ्याकडेच बघत होता. "बावीस वर्षं लोक म्हणतात ओळंब्याची भिंत, ओळंब्याची भिंत. एका ढेकळापायी सगळं जाईल असं वाटलं. चार दिवस घास उतरत नाहीये."

ताई रागावल्या नाहीत. उठल्या आणि म्हणाल्या, "चला. तुम्हीच सांगा सरांना. मी सोबत येते."

सरांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा पडला, मग लाल झाला.

"अहो, भिंत पडली असं सांगितलं असतंत तर मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

"तुम्ही नाही, सर. पण पाहुण्यांना दाखवायला काय उरलं असतं?"

सरांनी कपाळाला हात लावला. "आणि मी त्या पेपरवाल्याला काय काय सांगून बसलो!" त्यांनी घड्याळ पाहिलं. "दीड दिवस आहे. भिंत उघडा. तुम्हीच उघडा, तुमच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नाही."

मला पिशवीतून काढून भिंतीपाशी एका पाटीवर ठेवलं, मोजमापासाठी. त्यामुळे मी सगळं पाहिलं. थापी बाजूला ठेवून ओळंबा कुंच्यानं आणि लाकडी काडीनं माती काढत होता. रविवारी दुपारी जळक्या थराचा काळा पट्टा लागला.

"सावकाश," सर म्हणाले. "छपराखाली कुणी सापडलं असेल तर हाडं असतील."

तो शब्द ऐकल्यावर मला वाटलं, थांबवा, नका उघडू. एवढी वर्षं नाही कळलं, नाही कळलं तरी चालेल. पण कुंचा चालत राहिला. एक भावंड वर आलं. मग दुसरं. प्रत्येकाच्या डोक्यावर तो अंगठ्याचा खळगा. ताई प्रत्येकाची जागा कागदावर मांडत होत्या. नऊ. बारा. सोळा. सरळ रेषेत, जशी मागावर होती तशीच. त्यांच्या पुढं, जिथं विणकरीण वाकून उभी होती, तिथली माती ओळंब्यानं बोटाबोटानं काढली. राख. जळकं गवत. सुरीचं हिरवं पडलेलं तांब्याचं पातं. मग स्वच्छ जमीन, दारापर्यंत.

"हाडं नाहीत," ताई म्हणाल्या. त्यांच्यासाठी ती वहीत लिहायची एक ओळ होती. मग त्यांनी रांगेकडे पाहिलं, ओळंब्यानं दाखवलेल्या माझ्या जागेवर रोवलेल्या खुंटीकडे पाहिलं. "सर, सोळा रांगेत आहेत. हे एकच सुटून लांब पडलंय, आणि सुरी इथंच टाकलेली. कापड वाचवायला कुणीतरी कापत होतं. एक जुडगं कापलं आणि दुसरं कापलंच नाही."

"का बरं?"

"हाक आली असेल," ओळंबा म्हणाला.

आता आम्ही सतराही जण गोदामात एकाच पेटीत आहोत. आमच्या घरावरून रस्ता गेला. सोमवारी यंत्रं आली ती आलीच. आळीतली बाकीची घरं न बघताच संपली, ती रुखरुख आहे. विणकरीण पुढं आळीबाहेर पोचली का, पोरगी तिच्या हाताला लागली का, ते त्या भिंतीत लिहिलेलं नव्हतं. ते कुठल्या भिंतीत होतं, तेही आता कळायचं नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी. शेतात, पायवाटेवर, घराचा पाया खणताना माझ्यासारखं काही सापडलं तर लगेच खिशात घालू नका. आधी जागा बघा. चूक झाली तर चुकीसकट लिहा. वस्तू फुटली तरी सांधता येते. जागा हरवली की तिथल्या माणसाचं काय झालं ते सांगणारं कुणी उरत नाही.

माझी नवी चिठ्ठी ताईंनी लिहिली आणि खाली ओळंब्याची सही घेतली: 'पाच-सहामधली भिंत. मागाचं वजन, सतरापैकी पहिलं. तासताना ढासळून मिळालं.' एवढंच. पण मी ती रोज वाचतो, आणि रोज मला तीच गोष्ट ऐकू येते. पोरीनं हाक मारली, आणि त्या दिवशी तिच्या आईनं ओळ पुरी केली नाही.