कंसातलं हसू

उत्तरेच्या डोळ्यांत पहिल्यांदा खुपला तो एक कंस. साधा, शाईनं काढलेला, आणि आत एकच शब्द: हसून.

पण गोष्ट तिथून सुरू केली तर तिच्यावर अन्याय होईल. कंसाच्या आधी ती सुखात होती.

तिचा नवरा त्र्यंबक ठाण्याच्या एका शाळेत मराठी शिकवायचा. बिऱ्हाड डोंबिवलीला, आवडाबाईंच्या चाळीत. त्रेपन्न साली त्याला रेडिओवर बोलावणं आलं. महिन्यातून एकदा, संध्याकाळी, पंधरा मिनिटांचा संवाद. कधी निवडणुका, कधी पुस्तकं, कधी चित्रं. समोर बोलायला दादरच्या प्राध्यापिका हेमा गुप्ते. ऐकणाऱ्यांना वाटायचं, दोन शहाणी माणसं सहज गप्पा मारताहेत. सहज कसलं? दोघांचीही वाक्यं त्र्यंबक घरी बसून लिहायचा. हेमाबाई पोस्टानं दुरुस्त्या धाडायच्या, मग कागद मंजूर व्हायचा, आणि मंजूर कागदाबाहेर एक अक्षर बोलायचं नाही असा नियम. खोकला आला तरी तोंड फिरवून.

लिहिलेलं कानाला कसं लागतं ते पाहायला तालीम लागे. तालमीत हेमाबाईंचं काम उत्तरा करायची. पदराला हात पुसून समोर बसायची, वाचता वाचता अडायची, असं कोणी बोलतं का म्हणायची. आणि मग तिच्या तोंडून जे निघेल ते त्र्यंबक लिहून घ्यायचा. निवडणुकांच्या संवादात बाई म्हणाल्या होत्या, मत देऊन घरी आले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, स्वयंपाक थोडा थांबू शकतो. ते उत्तरेचं होतं. चाळीत एकच रेडिओ, पोस्टातून निवृत्त झालेल्या अण्णांचा, बॅटरीवर चालणारा. त्याच्यापुढे बसलेल्या बायकांनी त्या वाक्याला माना डोलावल्या आणि उत्तरेनं आपली खाली घातली. लाजून. लेकीला नटवून दुसऱ्याच्या मांडवात बसवावं तसं वाटलं होतं तिला.

मग चित्रांचा संवाद आला.

हेमा (हसून): म्हणजे चित्रातली बाई तुमच्याकडेच बघते, असं तुम्हाला वाटतं तर.
त्र्यंबक: वाटत नाही. बघतेच.

उत्तरेनं न हसता वाचलं.

"इथं हसायचंय," त्र्यंबक म्हणाला.

"कशाला?"

"अगं, त्या हसतात. बोलता बोलता हसायची सवयच आहे त्यांना."

हे सांगताना तो पेन हातात धरून कुठंतरी बघत होता. कुठं, ते उत्तरेला त्या दहा बाय बाराच्या खोलीत सापडलं नाही.

झालं. त्या दिवसापासून ती कागदात आधी कंस बघू लागली. थोडे थांबून. हळूच. हसून. पुन्हा हसून. नवरा चोरून कुणाला भेटत असता तर चाळीत बोभाटा करता आला असता, कल्याणला माहेरी निरोप धाडता आला असता. हा तर तिच्याच कंदिलाखाली बसून त्या बाईचं हसू लिहीत होता आणि वाचायला हिच्याच हातात देत होता. बरं, बाई पाहिलेली नाही. म्हणून ती रोज वेगळी दिसायची: कधी गोरी, कधी सावळी आणि उंच, कधी चष्म्याची. आवाज तेवढा एकच, घासलेल्या तांब्यासारखा. भाकरी थापताना उत्तरा स्वतःशी त्या आवाजात बोलून बघायची. जमत नसे.

अण्णा आपले भाबडे. म्हणायचे, "उत्तराबाई, त्र्यंबकरावांना तोडीस तोड मिळाली हो." त्यांना काय माहीत, तोडीस तोड कोण आहे ते.

चौथा विषय खाडी. खाडीतले पक्षी, मिठागरं, भरती-ओहोटी. त्र्यंबकानं पक्षी भराभर लिहिले आणि ओहोटीपाशी अडला. इथं हेमाबाईंच्या तोंडी काहीतरी हवं होतं, म्हणाला, फार जड नको.

उत्तरा वाती कापत होती. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "ओहोटीचं पाणी रागावून जात नाही. काहीतरी विसरलेलं असतं, ते आणायला जातं."

आता हे वाक्य कुणाचं, ते सांगायला हवं. लग्न ठरलं तेव्हा त्र्यंबक कल्याणला आला होता आणि आत्याबाईंच्या राखणीखाली दोघं दुर्गाडी किल्ल्याच्या खालच्या अंगाला खाडीवर गेली होती. तिथं पाण्याकडे बघत तोच हे बोलला होता. तिच्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य. तिनं विचारलं होतं, "आणि नाही सापडलं तर?" तो नुसता हसला होता, तेवढ्यात आत्याबाई पोचल्या, आणि उत्तर राहिलं ते राहिलंच. सात वर्षं संसार या अर्धवट गोष्टीवर उभा होता, असं उत्तरेला आपलं वाटायचं.

ती कात्री धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता ओळखेल. आता मान वर करेल.

"वा," त्र्यंबक म्हणाला. "कुठं वाचलंस?"

"ऐकलं होतं."

त्यानं ते लिहून घेतलं. हेमा, मग कंस, कंसात हसून, मग वाक्य. वर शाईही टिपली.

प्रसारणाच्या दिवशी तो दुपारीच गेला. संध्याकाळी अण्णांच्या खोलीत दाटी झाली. चाळीच्या मालकीण आवडाबाई पुढेच बसल्या. जन्म मिठागरांवर गेलेला, त्यामुळे हा विषय त्यांचा. उत्तरा दारात उभी राहिली. संवाद तिला पाठ होता. प्रत्येक वाक्य ती अर्धा श्वास आधी मनात म्हणत होती. बगळे झाले. तिवरं झाली.

हेमा (हसून): ओहोटीचं पाणी रागावून जात नाही. काहीतरी विसरलेलं असतं, ते आणायला जातं.

यानंतर त्र्यंबकानं म्हणायचं होतं: सुंदर कल्पना आहे, पण शास्त्र वेगळं सांगतं.

रेडिओ गप्प.

खोलीत लोक एकमेकांकडे बघू लागले. अण्णांनी उठून खोक्यावर थाप मारली, तारा दाबून पाहिल्या.

"अण्णा, तुमचा रेडू कनाला गप झाला?" आवडाबाई म्हणाल्या.

उत्तरेला मात्र त्या गप्पपणातला त्याचा श्वास ऐकू येत होता. कळलं त्याला. इतक्या लोकांत, इतक्या लांबून, दुसरीच्या तोंडून ऐकल्यावर कळलं. तिच्या अंगभर एक दुष्ट आनंद पसरला.

त्र्यंबक (कंसात काहीच नाही): आणि नाही सापडलं तर?

हे कागदावर नव्हतं. हे तिचं होतं. तिचं, तिचं एकटीचं, आणि तो ते त्या बाईला विचारत होता. आनंद होता तिथंच ओरखडा उठला. आता त्या बाईचीही बोबडी वळू दे, असं उत्तरेनं मनापासून चिंतलं.

बाई अडखळल्या नाहीत. हसल्याही नाहीत.

हेमा: मग रिकाम्या हातानं यायचं. पण यायचं.

आवडाबाईंनी "हा" म्हणून मांडीवर थाप मारली. पुढचे पक्षी कुणी नीट ऐकले नाहीत. उत्तरा चौकट धरून उभी होती. तिनं सात वर्षं शोधलेलं उत्तर त्या बाईला न शोधता मिळालं होतं. आणि ते खोटं नव्हतं, हीच चीड. घासून पुसून कुठं डाग सापडेना.

एरवी रेडिओवरून येताना त्र्यंबक दादरहून सोनचाफा आणायचा. आज हात मोकळे. पुढचं तिच्या मनात तालमीच्या कागदासारखंच उमटत गेलं, ते तसंच देतो.

त्र्यंबक (चप्पल काढत): बोलणी खाल्ली. पुढचं बोलावणं बहुतेक येणार नाही.
उत्तरा (ताट मांडत): हात धुवा.
त्र्यंबक (थोडे थांबून): मी घरीच ओळखायला हवं होतं.
उत्तरा: हो.
त्र्यंबक: तू मुद्दाम दिलंस.
उत्तरा: हो.
त्र्यंबक: चुकलं माझं. आता हेमाबाईंचं नाव या घरात नको.

उत्तरेनं भात वाढला. त्याची माफी तिला हवी होती, महिनाभर हवी होती, आणि आता समोर आल्यावर ती आमटीसारखी निवलेली वाटली. तिच्या कानात अजून तो दुसराच आवाज होता. असं माणूस महिन्यातून एकदा याच्यासमोर बसतं, आणि हा त्याला पक्षी विचारतो. मत्सराला जागा बदलायला असा कितीसा वेळ लागतो? भात वाढेपर्यंत तो बाईवरून नवऱ्यावर आला.

उत्तरा: त्यांना जेवायला बोलवा.
त्र्यंबक (चमकून): कुणाला? इथं?
उत्तरा: मला बोलायचंय त्यांच्याशी. तुम्ही त्या दिवशी अण्णांकडे बसा.
त्र्यंबक: बोलणार कशावर? म्हणजे, विषय काय?

घास हातात धरून तो तिच्याकडे बघत राहिला. खोलीतच, तिच्याचकडे. तिला ते नवीन होतं.

उत्तरा (हसून): तुम्हाला काय करायचंय? भात घ्या.