मी भिंतीवर जाणार नाही

मी एक पिन बोलतेय. कागद टाचायची नव्हे आणि पदराला लावायची तर मुळीच नव्हे. मी बंदुकीतली पिन. लांबी तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढी, अंगावर ना नक्षी ना नाव. घोडा माझ्या पाठीवर आदळतो, मी पुढे सरून काडतुसाच्या बुडातल्या टोपीला टोचा मारते, आणि मग जो काय आवाज व्हायचा तो होतो. कौतुक नळीचं होतं, अक्रोडाच्या दस्त्याचं होतं. बार फुसका गेला की मात्र सगळ्यांना पहिली मी आठवते.

माझी मालकीण व्हर्ना टॉलेफ्सन. मॉन्टानातल्या गवताळ माळावर एकटी राहते. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, गुरं विकून सहा. वय एकाहत्तर. तिची बंदूक तशी जुनी नाही, जुन्या ढंगाची आहे. एका वेळी एकच काडतूस, त्यात काळी दारू. कडी खाली ओढली की मागचा पोलादी ठोकळा खाली सरकतो, काडतूस आत जातं, कडी वर केली की ठोकळा बंद. त्या ठोकळ्याच्या भोकात मी राहते.

मी कारखान्यात जन्मले नाही, हे आधीच सांगून टाकते. कारखान्याची पिन माझ्याआधी होती, ती व्हर्नाने मोडली. बार झाल्यावर पिनेचं नाक टोपीच्या खळग्यात रुतलेलं असतं. म्हणून आधी घोडा अर्ध्यावर उचलायचा, पिनेला मागे येऊ द्यायचं आणि मगच कडी ओढायची. व्हर्नाला हे पाठ आहे. पण नेम लागला की ती आनंदाने ओरडते आणि घाईघाईत कडी ओढते. चुकलेल्या नेमाला तिच्या हातून कधीच चूक होत नाही.

मला घडवलं ऑरिन हॅस्केटने. गावात पशुखाद्याच्या दुकानामागे त्याची बंदुका दुरुस्त करायची खोली आहे. त्याने लेथवर पोलादाची सळई लावली आणि मला कातून काढलं. लालभडक तापवून तेलात बुडवलं, मग पुन्हा हलकेच शेकून जास्तीचा कडकपणा उतरवला, नाहीतर मी पहिल्याच ठोक्याला काचेसारखी फुटले असते. नाक गोल घासलं. टोकदार ठेवलं तर टोपीला भोक पडतं आणि धग उलटी तोंडावर येते. शेवटी त्याला माझं अंग थोडं जाड वाटलं. मला पुन्हा कातायचं सोडून त्याने ठोकळ्याचं भोकच माझ्या मापाचं केलं. तेव्हापासून त्या घरात दुसरी कोणी नेमकी बसत नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे.

पंधरा वर्षं सुखात गेली. प्रत्येक बारानंतर व्हर्ना एक नळकांडं लावून बंदुकीच्या नळीत फुंकर मारते, काजळी ओली राहावी म्हणून. पेपरमिंट आणि कॉफीचा तो ऊबदार श्वास माझ्या डोक्यावरून जायचा.

मग गेल्या जूनमध्ये, वर्षाच्या मोठ्या स्पर्धेत, तीन बार फुसके गेले. घोडा पडला, मी धडपडत पुढे गेले, पण टोचा बसलाच नाही. खट्. पुन्हा खट्. लोकांनी माना वळवल्या.

"पिन झिजली," व्हर्नाचा जावई क्रेग म्हणाला. हा माणूस फोनच्या कंपनीत काम करतो, पण बोलला असा की बापजन्मापासून पिनाच करत आलाय.

क्रेग मनाने वाईट नाही. व्हर्नाच्या दारातला बर्फ दर हिवाळ्यात तोच उपसतो. पण त्याच्या मनात एक चित्र पक्कं बसलंय: बंदूक शेकोटीवरच्या भिंतीला, आणि सासूबाई शेकोटीपुढच्या खुर्चीत. ईस्टरच्या जेवणाला तर तो खुंट्याच घेऊन आला. हॅम कापता कापता म्हणाला, "आई, आता पुरे की. तुमचा हात कापतो, बंदूक बार घेत नाही. दोघींनी आराम करा."

व्हर्नाने बटाट्यांचं भांडं खाली ठेवलं. "ठोक तुझ्या खुंट्या," ती म्हणाली. "या जूनमध्ये एक जरी बार फुसका गेला, तर माझ्या हाताने टांगीन. आणि बसेन तुझ्या त्या खुर्चीत, अगदी गोधडी घेऊन. झालं?"

तिने शब्द दिला आणि तो माझ्या जिवावर दिला. बंदूक भिंतीवर गेली की व्हर्ना खुर्चीत गेलीच म्हणून समजा. भिंतीवरची पिन कशी असते ठाऊक आहे? आतल्या आत गंजते आणि पाहुणे म्हणतात, वा, काय शोभा आहे!

दुसऱ्याच दिवशी व्हर्ना ऑरिनकडे गेली. त्याने स्क्रू काढला, मला चिमट्याने ओढलं. मी निघेना. शेवटी निघाले ती काळ्या चिकट राबडीत माखून. ऑरिनने मला धुतलं, भिंगाखाली फिरवलं, मोजलं.

"पिनेला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. "ठणठणीत आहे. तेल कोण ओततं हिच्यावर?"

"मी. दर रविवारी, चर्चमधून आल्यावर."

"आणि मग?"

"मग कपाटाला टेकवून उभी ठेवते."

"दस्ता खाली?"

"मग काय डोक्यावर उभी करू?"

"हो! डोक्यावरच कर!" ऑरिनने कपाळाला हात लावला. "सगळं तेल नळीतून उतरून हिच्या भोकात साचतं, त्यात काजळी. बिचारी चिखलात पळत होती गं. बंदूक आहे व्हर्ना ती, पॅनकेक नाही, वरून पाकाची धार धरायला."

बघा! वर्षभर मी झिजल्याचा बोभाटा, आणि निघाले कुणाचे लाड! माणसांची ही खोड मी पुरती ओळखून आहे. जीव लावतात तो बाटलीने ओततात, आणि गुदमरलेल्याला म्हणतात, तुझ्यात आता दम राहिला नाही.

जून आला. माळावर वारा, तीनशे माणसं, आठशे यार्डांवर निशाण म्हणून लोखंडी पत्र्याचा बायसन, तिकडचा रानगवा. ऑरिन दुर्बीण लावून व्हर्नाच्या शेजारी बसला, वारा सांगायला. मागे घडीच्या खुर्चीत क्रेग. दहा बार मारायचे होते. सात झाले, एकही फुसका नाही. बायसनला मात्र एकही लागला नव्हता.

आठवा बार. धूर वाऱ्याने बाजूला गेला, आणि बऱ्याच वेळाने दुरून आवाज आला, टण्ण!

"लागला!" व्हर्ना ओरडली आणि तिने कडी ओढली.

घोडा अर्ध्यावर न घेता.

माझं नाक टोपीत रुतलेलं, ठोकळा खाली निघालेला. मी कण्हले, वळले, नाकाची कड उडाली. पण मोडले नाही. मोडणार नाही असं मी तेवढ्यात ठरवलं होतं.

व्हर्नाने कडीवरचा हात काढून घेतला. "ऑरिन, मी पुन्हा केलं."

नियमाप्रमाणे तिला पुढच्या तुकडीबरोबर उरलेले दोन बार मारायची मुभा मिळाली. म्हणजे हातात वीस मिनिटं. ऑरिनने मला बाहेर काढलं. क्रेग धावत आला, खिशातून कारखान्याची कोरी पिन काढून म्हणाला, "ही घ्या आई, तुमच्यासाठीच मागवली होती." मी म्हटलं ना, मनाने वाईट नाही. पण ती बया माझ्या भोकात खुळखुळ वाजत राहिली.

"हिची जोडीची नाही का केलीस?" व्हर्नाने ऑरिनला विचारलं.

"नाही." तो ओशाळला. "मला वाटलं, माझी पिन मोडणार नाही."

"मग ती मोडली कुठे?" व्हर्ना म्हणाली. "घास."

ऑरिनने पिकअपच्या फळीवर मला छोट्या शिकंज्यात धरलं आणि दगडावर नाक घासून गोल केलं. पण त्यात मी केसभर आखूड झाले. आता टोचा पोचणार कसा? मग त्याने कानस माझ्या खांद्यावर चालवली. भोकात मला अडवून धरतो तो हाच खांदा. तो जितका कमी होईल, तितकं नाक पुढे जाणार. दोन ओढी, मोजणं. एक ओढ, पुन्हा मोजणं. जास्त झालं असतं तर टोपी फुटून धग व्हर्नाच्या डोळ्यांवर आली असती. घासून घ्यायला माझी ना नव्हती. लागेल तेवढी घे म्हणावं, फक्त मला कामावर परत पाठव.

"आई, एकदा विचार करा," क्रेग हळूच म्हणाला.

"क्रेग, बस," व्हर्ना म्हणाली. "तुझ्याकडे खुर्ची आहे."

नववा बार. घोडा पडला, मी गेले. धडाम्! धूळ बायसनच्या अलीकडेच उडाली. कुणाला पर्वा!

दहावा. व्हर्नाचा हात थरथरत होता, ते मला ठोकळ्यातही कळत होतं. बाई, तू थरथर, मी थरथरणार नाही. घोडा पडला. सगळ्या अंगानिशी मी त्या टोपीवर गेले.

धडाम्!

गोळी बायसनच्या पाठीवरून निघून गेली. व्हर्नाने शांतपणे घोडा अर्ध्यावर घेतला, मग कडी ओढली. नेम चुकला होता ना.

एकूण तिचा नंबर लागला एकशे बारावा. गाडीत बसताना ती क्रेगला म्हणाली, "एकही फुसका नाही. मोजलेस ना?" त्याने मान डोलावली आणि तिची बंदूक स्वतः मागच्या सीटवर ठेवली, डोक्यावर, म्हणजे नळी खाली करून. ऑरिनने त्याला शिकवलं होतं.

आज मी नाकाने बसकी आहे, खांद्याने उतरलेली. ऑरिनने माझी जोडीदारीण केलीय. ती व्हर्नाच्या सदऱ्याच्या खिशात असते, वाट पाहत. पाहू दे. तुमच्या घरातही कुणीतरी माझ्यासारखं चिकटून, मंदावून बसलं असेल, तर त्याला मोडीत काढण्याआधी एकदा बाहेर काढून धुऊन बघा. एवढंच मागणं. आणि तेल बेतानं.

शेकोटीवरच्या खुंट्या तशाच आहेत. भक्कम ठोकल्यात क्रेगने. सरावाहून आलं की व्हर्ना आपला ओला कोट त्यांवर टांगते.