तळघरातल्या बेचाळीस बरण्या

झोर्नित्साने दाराला कान लावला नव्हता. अगदी देवाशपथ! रुसे शहरातल्या त्यांच्या त्या आठमजली इमारतीच्या भिंतीच अशा पातळ, की वरच्या मजल्यावर कुणी शिंकलं तर खालच्याने ‘औक्षवंत हो’ म्हणावं. आई न्हाणीघरात कपडे भिजवत फोनवर बोलत होती आणि झोर्नित्सा बाहेर दात घासत उभी होती, एवढंच.

“एक वर्ष?” आई म्हणत होती. “म्हातारीला स्वतःची स्वतः उठता येतं का?... नाही हो, हौस कसली! प्लामेनची, माझ्या नवऱ्याची, फॅक्टरी आठवड्यातले तीनच दिवस चालते आता. जे काय येतं त्यातलं अर्धं पोटातच जातं... बोलोन्या म्हणजे बसने दीड दिवस ना?”

ब्रश तोंडात तसाच राहिला. पेस्टचा फेस हनुवटीवरून ओघळून शाळेच्या शर्टावर पडला तरी तिला कळलं नाही. ती सरळ आपल्या खोलीत गेली आणि पलंगावर बसली. तोंडात फेस घेऊनच!

इटलीत म्हाताऱ्यांना सांभाळायला गेलेल्या बायका म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्याच जिन्यावरच्या तीन होत्या. चौथ्या मजल्यावरच्या ईवाची आई ‘फक्त एक वर्ष’ म्हणून गेली, तेव्हा ईवा पाचवीत होती. आता ईवा दहावीत आहे. ईवाला पहिल्यांदा ब्रा घ्यायची वेळ आली तेव्हा तिची आई फोनच्या पडद्यावर होती, दुकानात फोन उंच धरून ईवा विचारत होती, “ही? की ही?” आणि नेटवर्क गेलं.

नाही. झोर्नित्साला हे नको होतं. आई घरात हवी होती, ओरडणारी, केसांत पीठ लागलेली, चालेल!

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अर्धं पोटातच जातं ना? मग पोटालाच आळा घालायचा! आईला जायचं कारणच उरायला नको.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने जाहीर केलं, “आजपासून घरातलं खाणंपिणं मी बघणार.”

“म्हणजे तू खाणार आणि आम्ही बघणार?” बाबा म्हणाले.

“हसा हसा. एक महिना द्या मला. बाजार माझा, स्वयंपाक माझा.”

आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खर्चाची पर्स टेबलावरून तिच्याकडे सरकवली. झोर्नित्सा एवढी हरखली, की आईचा चेहरा बघायचा राहूनच गेला.

पहिला धक्का ओट्याच्या खणातल्या पावत्यांनी दिला. ती त्या वाचत गेली आणि तिचे डोळे विस्फारत गेले. तयार बनित्सा! म्हणजे पीठ घरात, अंडी घरात, चीज घरात आणि पैसे मोजायचे ते दुसऱ्या कुणाच्या तरी लाटण्याचे! दही, तेसुद्धा प्लास्टिकच्या डब्यातलं, आठवड्याला नऊ डबे! आणि सलामी. सलामी तर एवढी, की हे घर आहे का खाटकाचं दुकान?

दुसरा धक्का बाबांना बसला. सकाळी ते फ्रीज उघडून उभे.

“झोरे, सलामी कुठंय?”

“गेली.”

“कुठं गेली?”

“दुकानातच राहिली, बाबा. ती काही आपल्याकडे आलीच नाही.”

बाबांनी असा चेहरा केला, जणू घरातून कुणीतरी माणूस परागंदा झालंय. पण टेबलावर कालचा पाव अंड्यात बुडवून तळलेला होता, वर चीजचा चुरा होता. त्यांनी सहा तुकडे खाल्ले आणि सलामीचा विषय पुन्हा काढला नाही.

झोर्नित्साला असा जोर चढला की विचारू नका! शाळेत गणिताच्या तासाला ती आठवड्याच्या जेवणाची यादी करायची. दूध बोटाला सहन होईल इतकं कोमट करून चमचाभर विरजण लावायचं आणि भांडं बाबांच्या जुन्या लोकरी कोटात गुंडाळून ठेवायचं. सकाळी सुरी खुपसली तर उभी राहावी असं दही! कोंबडीचे पाय आणि छाती आपण का घ्यायची? पाठी आणि माना घ्याव्यात, त्यांचं सूप दोन दिवस पुरतं आणि चवीला भारी. मंगळवारी पांढऱ्या घेवड्याचं सूप, त्यात मूठभर पुदिना. आणि बाजारात जायचं ते शनिवारी दुपारी दोननंतर, माल परत गाडीत चढवायचा विक्रेत्यांना कंटाळा येतो तेव्हा. वाकड्या मिरच्या, ठेच लागलेले टोमॅटो, दोन पायांची गाजरं. चव काय, वाकडेपणाने जाते थोडीच?

“कोण गं तू? कुणाची?” मिरच्यांवाल्या बाईने तिसऱ्या शनिवारी विचारलं.

“गाल्याची मुलगी, ड्रुझ्बा वस्तीतली.”

“तुझ्या आईला म्हणावं, नशीब काढलंस बाई. माझी पोर फक्त भात जाळते.”

झोर्नित्सा तरंगतच घरी आली. तरंगत, आणि पंचवीस किलो लाल गोड्या मिरच्यांची दोन खोकी ढकलगाडीवर ओढत. सप्टेंबर होता, मिरच्या पाण्याच्या भावाने जात होत्या. आता सोडेल ती झोर्नित्सा कसली! घरची ल्युतेनित्सा केली, की हिवाळाभर पावाला लावायला दुसरं काही नको.

मिरच्या भाजायची विजेची उभी भट्टी तिने गॅलरीत लावली. शेजारी गाजरं उकळायला शेगडीही लावली आणि फट्! तीन मजल्यांची वीज गेली.

“झोर्नित्साऽऽ!” खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी बोंब मारली. “तुझ्या मिरच्यांनी माझी मालिका खाल्ली!”

“शेवटी काय झालं ते उद्या सांगते, आजोबा!”

“तुला काय माहीत शेवट?”

“लग्नच होतं, दुसरं काय होणार!”

पुढचं सगळं अंगणात झालं. तिसऱ्या मजल्यावरची पेन्का मावशी आपली मोठी कढई घेऊन उतरली, विधवा, जाडजूड, आणि इमारतीत कुणाच्या घरात काय शिजतंय हे वासावरून सांगणारी. विरजण, सूप, सगळं झोर्नित्सा तिच्याकडूनच शिकली होती. बाबा लांब लाकडी दांड्याने ढवळत होते, झोर्नित्सा मिरच्या सोलत होती, बोटं काळी-लाल झाली होती. आई वरून गॅलरीतून बघत होती. मध्येच खाली आली, चमच्याने चाटून बघितलं आणि म्हणाली, “मीठ बरोबर आहे.” बास, एवढंच! पण आईकडून ‘मीठ बरोबर आहे’ म्हणजे दुसऱ्या कुणाकडून सुवर्णपदक.

दोन आठवडे हेच चाललं. ल्युतेनित्सा, मग टोमॅटो, मग काकड्यांचं लोणचं, मग भाजून सोललेल्या नुसत्या मिरच्या. पत्र्याच्या पिंपात बरण्या उकळल्या, उलट्या ठेवून गार केल्या. बेचाळीस! शनिवारी संध्याकाळी शेवटची टोपली घेऊन ती तळघरात उतरली, फळीवर बरण्या ओळीने लावल्या, दोन पावलं मागे सरकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. संपूर्ण महिन्यात खाण्यावर पूर्वीच्या जेमतेम निम्मे पैसे गेले होते. आता कशाला जाईल आई! आज जेवताना आकडा सांगायचा, म्हणजे तो बोलोन्याचा विषय कायमचा मिटला.

“बघू बघू, माझ्या शिष्येने काय केलंय!” मागून पेन्का मावशी बॅटरी घेऊन आली. तिने बरण्यांवरून उजेड फिरवला आणि टाळीच वाजवली. “अगं बया! पूर्ण हिवाळा भरला की गं! मग, कधी निघतेय गाल्या?”

“कुठं?”

“बोलोन्याला, आणखी कुठं? मी बारा साली पासष्ट बरण्या भरून गेले होते. ईवाच्या आईने तर कोबीचं पिंपसुद्धा घातलं होतं. तळघर भरल्याशिवाय या जिन्यावरची एकही बाई त्या बसमध्ये चढलेली नाही. नवऱ्याला, पोरांना उपाशी टाकून कोण जाईल? तुझ्या आईचं नशीब थोर, तिला हातसुद्धा लावावा लागला नाही. तूच भरून दिलंस सगळं!”

पेन्का मावशी पुढे काहीतरी कोबीबद्दल बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते फक्त.

तळघरात दोन्हीकडे प्रत्येक घराची एकेक कोठी, लाकडी पट्ट्यांची दारं. त्या पट्ट्यांतून आत दिसतं. झोर्नित्सा लहानपणापासून इथं येत होती, पण असं कधी बघितलं नव्हतं तिने. ईवाची कोठी: छतापर्यंत बरण्या. सातव्या मजल्यावरच्यांची: बरण्या, त्यांची आई पादोव्हाला. दुसऱ्या मजल्यावरच्यांची: बरण्या, आई रिमिनीला. ज्यांच्या आया घरात होत्या त्यांच्या कोठीत सायकली होत्या, जुने टायर होते आणि कोपऱ्यात दहा-बारा बरण्या, बास. आई घरात असली की लागेल तसं करते, एकदम एवढं कशाला लागतं?

आणि आता त्यांची कोठी. खच्चून भरलेली.

लिफ्ट बंद होती. ती पाच मजले धावत चढली, दम लागून स्वयंपाकघराच्या दारात धडकली. आई शेगडीशी उभी राहून झोर्नित्साने दुपारी लावलेलं घेवड्याचं सूप ढवळत होती. बाबा टेबलाशी होते.

“आई, तू जाणारेस?”

आईचा हात थांबला. ती वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते झोर्नित्साने अपेक्षिलं नव्हतं. आईलाच धक्का बसला होता.

“म्हणजे? तुला माहीत नव्हतं?”

“मला कसं माहीत असणार! मी तुला थांबवत होते! हे सगळं कशासाठी केलं मी? तू म्हणालीस ना फोनवर, अर्धं पोटातच जातं, मी ऐकलं ना! म्हणून मी—”

“तू ते ऐकलंस?” आईने पळी खाली ठेवली. “आणि पुढचं? पुढचं नाही ऐकलंस?”

“पुढचं काय?”

“मी नाही म्हणाले होते, झोरे.” आईचा आवाज अगदी लहान झाला. “मी त्या एजंटबाईला म्हटलं, घरात हिवाळ्याचं काही केलेलं नाही, पोरीला अंडं उकडता येत नाही, नवऱ्याला तेही येत नाही. यंदा जमायचं नाही. झालं, विषय संपला होता. आणि दुसऱ्या दिवशी तू बाजार-स्वयंपाक हातात घेतलास.”

झोर्नित्साने शेगडीकडे, स्वतःच लावलेल्या त्या सुपाकडे पाहिलं.

“मला वाटलं, पोरीने ऐकलंय आणि ती मला मोकळं करतेय,” आई म्हणाली. “तुझ्या हातचं पहिलं सूप खाल्लं ना, त्या रात्री रडले मी. म्हटलं, एवढीशी पोर, केवढं तिचं काळीज! आठवड्याने मीच तिला परत फोन केला.”

काहीच केलं नसतं तर! गादीवर लोळून फोन बघत राहिली असती, भात जाळला असता, तर आई इथंच असती. झोर्नित्साला हसावं का किंचाळावं कळेना, म्हणून ती किंचाळली.

“मी सगळ्या बरण्या फोडते! आत्ता जाऊन फोडते!”

“फोड,” आई म्हणाली. “पण तुला आता येतंय, ते कसं फोडशील?”

“पण खर्च निम्मा झाला! मी आकडा काढलाय! कशाला जायचंय मग?”

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा टेबलक्लॉथची घडी नखाने सपाट करत होते. “नाताळाला फॅक्टरी बंद होतेय,” ते म्हणाले. “तीन दिवस नाही, पूर्णच. तुला सांगायचं होतं. तू रोज एवढ्या आनंदात घरी यायचीस, सांगवलंच नाही.”

शेगडीवर सूप रटरटत होतं. कुणी आच कमी करत नव्हतं.

“वर्ष नाही,” झोर्नित्सा शेवटी म्हणाली. शब्द धडाधड बाहेर येत होते. “वर्ष नाही जायचं. नाताळापर्यंत.”

“नाताळ म्हणजे परवावर आला, राणी. बसभाडंसुद्धा सुटायचं नाही.”

“मग फेब्रुवारी.”

“म्हातारीला तीन-चार महिन्यांत सोडून आलं तर पुन्हा कुणी बोलवेल का?”

“मग ईस्टर! ईस्टरला तू इथं, या टेबलाशी. त्याच्यावर एक दिवस नाही. ईवाच्या आईसारखं चालणार नाही मला!”

“ईस्टर,” आई म्हणाली. ताबडतोब.

झोर्नित्साने तोंडावर हात ठेवला. काय बोलून बसलो आपण! आई जाऊ नये म्हणून भांडायला आलो होतो, आणि जाऊन परत कधी यायचं ते आपणच ठरवून दिलं! कुणी सुचवलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं.

आईने फोन घेऊन एजंटबाईला निरोप लिहिला. वर्षाऐवजी ईस्टरपर्यंत, विचारून बघा. झोर्नित्सा मनात म्हणत होती, नाही म्हणा, नाही म्हणा, इटलीतल्या कुणातरी अनोळखी माणसांनो, प्लीज हट्ट धरा, आम्हाला वर्षभरच बाई हवी म्हणा! बाबांनी उठून सूप उतरवलं. तळाला लागलंच होतं.

फोन वाजला. आईने वाचलं, पुन्हा वाचलं.

“काय म्हणतात?” बाबांनी विचारलं.

“चालेल म्हणतात. सोमवारच्या बसला जागा आहे.”

“सोमवारच्या?” झोर्नित्सा म्हणाली. “कोणत्या सोमवारच्या? आई, आज शनिवार आहे!”