ग्राहक क्रमांक शून्य

पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या त्या कंपनीचं गोदाम तळघरात होतं आणि ऑफिस वर. खाली गोदाम सांभाळणारे काका, वर संगणकावर त्यांची बायको. मध्ये बावीस पायऱ्या. तिचे गुडघे धरायचे आणि तळघरात मोबाइलला रेंज नसायची. म्हणून तिने जुन्या डेटाबेसमध्ये एक खोटा ग्राहक उघडला, क्रमांक शून्य. त्याच्या शेऱ्यात ती लिहायची, ते खालच्या पडद्यावर उमटायचं. 'अहो, चष्मा माझ्याकडेच राहिलाय.' 'मालक तापलेत, वर फिरकू नका.' अकरा वर्षांत या ग्राहकाने साधा वायसर घेतला नव्हता.

ती जाऊन आठ महिने झाले. आता मालकांनी सगळं नवं करायला काढलं. नवी यंत्रणा बसवणारी मुलगी आली आणि पहिल्याच दिवशी तिने शून्यावर बोट ठेवलं.

"काका, हा कोण हो? खरेदी काही नाही, नुसत्या गप्पा. काढून टाकू?"

"तो मीच. फुकट्या आहे, पण जुना आहे." मग काका हळूच म्हणाले, "राहू दे, बाळा. तिचं तेवढंच उरलंय."

मुलीने शून्यापुढे 'ठेवा' अशी खूण केली. मग म्हणाली, "एक ओळ गाळणार नाही."

तीन दिवस तिने वायरी ओढल्या. गोदामात टेबलामागे वाकून ती म्हणाली, "ही वर जाणारी जुनी वायर धडधाकट आहे की. नुसती उपसलीय. कोणी?"

काका खोक्यांवरची धूळ पुसत राहिले. त्यांनीच उपसली होती. त्या सकाळी नवरा-बायकोचं वाजलं होतं, तेही गच्चीच्या किल्लीवरून. दिवसभर टोमणे नकोत म्हणून त्यांनी हिसका देऊन वायर काढली. वर ती एकटीच होती, मालक बाहेरगावी. संध्याकाळी काका कुलूप लावायला गेले, तेव्हा ती टेबलावर डोकं टेकून होती. गार. त्यानंतर ऑर्डरी चिठ्ठ्यांवर यायला लागल्या. वायर परत लावायला त्यांचा हात धजला नाही.

चौथ्या दिवशी मुलगी वर जाऊन बसली आणि जिन्यातून ओरडली, "काका, चालू करतेय. काही येतंय का बघा."

पडदा उजळला. तिच्या ओळी भराभर उतरल्या. सगळ्यांत वर एक नवीच ओळ आली, आठ महिने वरच अडकून पडलेली. तारीख तीच. दुपारचे तीन चाळीस.

'अहो, राग सोडा. कसंतरीच होतंय. मला उतरवणार नाही, तुम्ही वर या.'

"काका, आलं का?"

"आलं."

त्यांनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं, कठडा धरला आणि पायऱ्या चढायला लागले.

"यायची गरज नाही काका," मुलगी वरून म्हणाली. "मला इथूनच दिसतंय."

काका चढतच राहिले.